गाडीला सगळं, डोक्याला रुमाल

नवी मोटारसायकल शोरूममधून निघते तेव्हा तिचा थाट बघावा. पुढे लेग गार्ड बसलेला असतो. टाकीला रेक्झिनचं कव्हर, सीटला आणखी एक कव्हर, मडगार्डला रबरी फ्लॅप, हँडलला लिंबू-मिरची. गाडी आधी औंढ्याला नेतात, नागनाथाच्या दारात हार घालतात, चाकाखाली लिंबू चिरडतात. मालकाच्या खिशातल्या मोबाइलला पुढून टेम्पर्ड ग्लास आणि मागून जाड कव्हर असतं. पडला तर फुटू नये म्हणून. राहता राहिला मालक. त्याच्या डोक्याला रुमाल.

हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे एमएच ३८ पासिंगच्या मुलखात, मोटारसायकल ही चैन नाही. बैलगाडी, टेम्पो, रुग्णवाहिका आणि स्कूल बस, सगळं तीच. दुधाचे कॅन तिच्यावर जातात, युरियाच्या गोण्या जातात, फवारणीचा पंप जातो. शेळीसुद्धा जाते, दोघांच्या मधे बसून आणि दोघांपेक्षा शहाण्या चेहऱ्याने. वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव काय निघाला हे बघायला माणूस गाडीवरच जातो आणि भाव ऐकून तसाच परत येतो. अशा गाडीवर दिवसाचे चार तास काढणाऱ्या माणसाला हेल्मेटबद्दल विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं : ‘इथंच तं जायचंय.’

हे ‘इथंच’ कुठपर्यंत पसरतं, याचा नकाशा अजून भूमी अभिलेख खात्याकडेही नसेल. सेनगावच्या माणसाला हिंगोली ‘इथंच’ असते. कळमनुरीच्या माणसाला वारंगा फाटा ‘इथंच’. नांदेड तेवढं ‘तिकडं’. नांदेडला निघायचं असलं की हेल्मेट शोधलं जातं, माळ्यावरून काढलं जातं, त्यातली कांद्याच्या बियाण्याची पुडी बाजूला ठेवली जाते. तिथं चौकात मामा उभे असतात, कॅमेरे असतात. म्हणजे आपल्या हिशेबाने डोकं फुटण्याची शक्यता फक्त नांदेड पोलिसांच्या हद्दीत. हेल्मेटाशिवाय नांदेडला जायचा आणखी एक रस्ता आहे, तो १०८ क्रमांकाच्या गाडीतून. डोक्याला जबर मार असला की इकडे पहिलं वाक्य ‘नांदेडला न्या’ हेच असतं, आणि ते ऐंशी-नव्वद किलोमीटर कुणालाही ‘इथंच’ वाटत नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर तो फार जुना आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२९. चार वर्षांवरचा जो कुणी मोटारसायकलवर बसेल, चालवणारा असो की मागे बसलेला, त्याने मानकाप्रमाणे शिरस्त्राण घालायचं, आणि ते डोक्याला पट्ट्याने घट्ट बांधायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ड आलं : एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना बाद. दंडाचं सगळ्यांना ठाऊक आहे. परवान्याचं फारसं कुणी मनावर घेत नाही, कारण बाद व्हायला आधी तो काढलेला असावा लागतो.

या कलमात सूट फक्त पगडी घातलेल्या शीख माणसाला आहे. नांदेडचा गुरुद्वारा शेजारी, आणि आपल्याच नर्सीचे नामदेव महाराज शिखांनाही वंदनीय, त्यामुळे ही सूट इकडे चांगली माहीत आहे. आमच्या गावचे तात्या तिचा सोयीस्कर अर्थ काढतात. पोलिसाने अडवलं की पटक्यावर हात ठेवून म्हणतात, ‘साहेब, हे काय मंग?’ साहेबालाही हसू येतं. तात्या सुटतात. पुढच्या वळणावर मात्र साहेब नसतात आणि डांबराला विनोद कळत नाही.

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्ती कडक करायचं ठरलं, तर पुणेकरांनी विरोधाची कृती समिती उभी केली, निवेदनं दिली, आंदोलनं केली. आपल्याकडे असलं काही होत नाही. आपण विरोध करत नाही, दुर्लक्ष करतो. विरोध करायला आधी तो नियम खरा मानावा लागतो. २०१६ च्या जुलैत तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ असं जाहीर केलं होतं. पंपवाले बिथरले, लोक चिडले आणि काही दिवसांतच तो निर्णय गुंडाळला गेला. टिकला असता, तर प्रत्येक पंपाच्या दारात दहा रुपये भाड्याने हेल्मेट देणारी टपरी उभी राहिली असती आणि एकच हेल्मेट दिवसभरात दोनशे डोक्यांवरून फिरून आलं असतं. उवांच्या दळणवळणासाठी तेवढीच एक सोय.

आता हेल्मेट घालणाऱ्यांचं बघू. यांच्यात पंथ आहेत. पहिला कोपरपंथी. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, समोर खाकी दिसली की झटकन डोक्यावर. या पंथाचं कोपर जिल्ह्यात सर्वांत सुरक्षित. दुसरा आरसापंथी, हा ते उजव्या आरशाला टांगतो, त्यामुळे डोकंही उघडं आणि मागचंही दिसत नाही. तिसरा पंथ सर्वांत मोठा आणि सर्वांत भोळा : हेल्मेट डोक्यावर, पट्टा मोकळा. वाऱ्यावर ते बक्कल गालावर टकटक वाजतं, तरी हात तिकडे जात नाही. माणूस पडतो तेव्हा जमिनीवर आधी हेल्मेट पोचतं आणि घरंगळत बांधावर जाऊन थांबतं, ओरखडाही न येता. मग गर्दीतला एक जण ते उचलून म्हणतो, ‘हेल्मेट होतं ना, काय उपेग झाला?’

पट्ट्याला पैसे पडत नाहीत. ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बक्कल लावायचं, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढा आवळायचा. तेवढं झालं की हेल्मेट हेल्मेट ठरतं, नाहीतर ती नुसती टोपली.

टोपलीवरून रस्त्याकडेचं दुकान आठवलं. तिथं शे-दीडशे रुपयांत जी पिवळी, निळी टोपी मिळते ती मुळात बांधकामावरची. वरून वीट पडली तर डोकं वाचावं म्हणून ती केलेली असते, तिचं मानकही वेगळं, आयएस २९२५. गाडीवर वीट वरून पडत नाही, आपण विटेवर पडतो. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक आयएस ४१५१. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदा आहे. म्हणून आता स्टिकर सगळीकडे असतो. चिन्ह खरं असेल तर वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाही आलं तर दुकानदाराकडे बघायचं. तो बहुधा म्हणेल, ‘दादा, पोलिसाला चालतं.’ अगदी खरं बोलतो बिचारा. ते पोलिसासाठीच बनवलेलं असतं.

आत काय असतं हे एकदा बघा. वरचं कवच कडक, ते टोकदार मार पसरवतं. खरं काम आतल्या जाड थर्माकोलचं. आपटल्यावर तो चेपतो, आणि चेपायला लागलेल्या त्या क्षणभरात मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. त्यामुळे ज्या हेल्मेटाने एकदा जीव वाचवला त्याला नमस्कार करून रजा द्यायची. इकडे उलटं चालतं. ‘लय लकी आहे हे’ म्हणून तेच हेल्मेट धाकट्या भावाला मिळतं. आणि ज्याला थर्माकोलऐवजी आत नुसता स्पंजचा तुकडा चिकटवलेला असतो, त्या हेल्मेटाचा उपयोग डोक्याला गुदगुल्या करण्यापुरता.

चाळीसच्या वेगात डोकं खांबाला आदळणं म्हणजे सहा मीटर उंचीवरून, दोन मजली घराच्या गच्चीवरून, खाली येणं. भौतिकशास्त्र दहावीचंच आहे. चाळीसचा वेग इकडे कुणी वेगात धरत नाही, पोरं चाळीसवर मोबाइल बघतात.

हे सगळं जगाला कळलं ते एका प्रसिद्ध माणसाच्या मरणातून. टी. ई. लॉरेन्स, ज्याला लोक ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतात, तो १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडात घराजवळच्याच रस्त्यावर मोटारसायकलवरून चालला होता. सायकलवरची दोन पोरं समोर आली, त्यांना वाचवताना तो पडला आणि सहा दिवसांनी गेला. युद्धात वाचला, वाळवंटात वाचला आणि ‘इथंच तं जायचंय’मध्ये गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या डोक्यातून हे गेलं नाही. पुढे त्यांनी सैन्यातल्या मोटारसायकलस्वार निरोप्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला. सैन्याने लगेच हेल्मेट सक्तीचं केलं. बाकीच्या इंग्रजांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडलं. म्हणजे इंग्रजांनाही पटायला बत्तीस वर्षं लागली. आपला कायदा १९८८ चा, ती मुदत आपण केव्हाच मागे टाकली आहे.

आकडेही सांगून टाकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हेल्मेट नसलेली त्यात ५०,०२९. चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. हेल्मेट नव्हतं म्हणून अपघात झाला असं कुणी म्हणत नाही, अपघात झाला तेव्हा हेल्मेट नव्हतं एवढंच. पण जगभरच्या अभ्यासांची जी एकत्र छाननी २००८ साली झाली, तिच्या हिशेबाने हेल्मेटाने मरणाचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. सोयाबीनच्या ज्या बियाण्याने उतारा ४२ टक्के वाढतो असं कुणी सांगितलं, त्याच्या दुकानापुढे पहाटे चारला रांग लागेल.

आक्षेप ठरलेले आहेत. केस जातात. मान दुखते. मागून हॉर्न ऐकू येत नाही (हे सांगणाऱ्याच्या कानात इअरफोन असतो). उन्हाचा मुद्दा तेवढा मी मान्य करतो. मे महिन्यात बेचाळीसच्या पुढे पारा गेला की दुपारी बाराला हेल्मेटात डोकं घालणं सोपं नाही. पण त्याच दुपारी त्याच डोक्याला लोक एक रुमाल आतून आणि एक बाहेरून आवळून बांधतात, त्यावर काळा गॉगल, आणि त्यात गुदमरत नाहीत. पातळ सुती रुमाल आतून बांधावा, वर हवेची भोकं असलेलं फिक्या रंगाचं हेल्मेट घालावं, इतकी साधी तडजोड आहे. मुद्दा उन्हाचा असता तर डिसेंबरात तरी सगळी डोकी झाकलेली दिसली असती.

डोक्याखालचं अंग तर आपण देवावरच सोडलं आहे. पायात स्लीपर, तीही अंगठा तुटलेली. उजव्या पोटरीला आतल्या बाजूने सायलेन्सरचा चटका, तो डाग इकडे आधार कार्डाइतकाच पक्का ओळखपुरावा आहे. गाडी घसरली की माणूस आधी तळहात टेकतो, ही शरीराची सवय, ती सुटत नाही. म्हणून हातमोजे. ते इकडे फक्त थंडीत निघतात, लोकरीचे, आणि लोकर डांबरावर टिकत नाही. महागडी जॅकेटं कुणी घ्या म्हणत नाही. घोटा झाकणारा बूट, पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, जाड पँट, कातडी किंवा रेक्झिनचे हातमोजे. गाडीच्या सीट कव्हरला, टाकी कव्हरला आणि चमकदार नटबोल्टांना जेवढे पैसे मोजले तेवढ्यात हे बसतं.

पण संरक्षण अंगावर चढवायचं म्हटलं की आपला हात आखडतोच. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, मोजे, चष्मा असे संच वाटले गेले. औषधाची बाटली हजाराची घ्यायची आणि तोंडाला तोच रुमाल बांधायचा, ही रीत नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच आहे. रुमालाला आपण फार अधिकार देऊन ठेवले आहेत.

सगळं खापर चालवणाऱ्याच्या उघड्या डोक्यावर फोडायचं नाही. रस्तेही कमी नाहीत. अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग चौपदरी झाला. गाडी पळते. पण गावाला वळायचा कट पुढे दीड किलोमीटरवर ठेवला, तर दुधवाला काय करणार? राँग साइडने येणार, समोरून ट्रक असला तरी. आतल्या रस्त्यांवर वेगळीच तऱ्हा. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून निघतो आणि चाकाला धरलेली काळी माती डांबरावर अंथरत जातो. एक सर आली की त्या मातीचं लोणी होतं. ब्रेक दाबला की मागचं चाक पुढे येऊन विचारतं, काय म्हणता? ऑक्टोबरात निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत असतं, कडेने दगड मांडलेले. सोयाबीन घरी जातं, दगड तिथंच राहतात. रात्री तेच दगड दुचाकीला भेटतात. रोह्यांचा कळप कुठल्याही वेळी आडवा येतो, त्याला नियम लागू नाहीत. आणि उसाचा हंगाम सुरू झाला की वसमतच्या बाजूला जोडट्रॉल्या निघतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेला. समोरून येणाऱ्याच्या लाइटने डोळे दिपले की ट्रॉली दिसते ती हाताच्या अंतरावर आल्यावर. कारखान्याच्या गेटवर उसाचं वजन किलोपर्यंत मोजतात. त्याच गेटवर रिफ्लेक्टरशिवाय ट्रॉली आत घ्यायची नाही असं ठरवलं, तर एका हंगामात फरक दिसेल. त्याला हेल्मेटमोहिमेइतकी पत्रकंही लागणार नाहीत.

पत्रकांवरून जानेवारी आठवला. रस्ता सुरक्षेची हेल्मेट रॅली निघते. शंभर गाड्या, शंभर कोरी हेल्मेटं, पुढे बॅनर, पाहुण्यांच्या हस्ते हिरवी झेंडी. फोटो छान येतात. रॅली संपली की हेल्मेटं मोजून परत घेतात. त्याच महिन्यात नेत्याच्या स्वागताची रॅली निघते. त्यात पाचशे गाड्या, हरेकावर तिघे, आणि उघडी डोकी, कारण फेटे बांधले आहेत. दोन्ही रॅल्यांना बंदोबस्त तोच.

तिघांचंही कलम आहे, १२८ वं : मागे एकच माणूस बसवायचा. हे कलम वाचलं की श्रावणी सोमवारी औंढ्याचा रस्ता बघायला जावं. गाडी एक, नवरा-बायको, पुढे टाकीवर थोरला, दोघांच्या मधे धाकटी, आणि मांडीवर पिशवी. देव तारी त्याला कोण मारी, हे नागनाथाच्या भरवशावर ठीक आहे, पण परतीच्या रस्त्यावर भरवसा दमलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांवर असतो. लहानग्यांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून केंद्राचा वेगळा नियम लागू झाला. चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, आणि गाडीचा वेग चाळीसच्या आत. तो पट्टा मी अजून हिंगोलीच्या एकाही दुकानात टांगलेला पाहिला नाही. शाळेचं दप्तर मात्र दोन पट्ट्यांनी पाठीला घट्ट असतं.

आणि ती मागे बसलेली? एका बाजूला पाय सोडून, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात पोर, दातांत पदर. तिचा तोल तिच्या भरवशावर. तिच्या पदराची काळजी सरकारला आहे. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की गाडीला मागे बसणाऱ्यासाठी पकड हवी, पाय ठेवायला पायदान हवं आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण हवं, कपडा चाकात जाऊ नये म्हणून. त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. गाडी पोराच्या हाती आली की तो पहिल्याच आठवड्यात ते काढून टाकतो, कारण ते ‘भंगार दिसतं’. मग त्याचं लग्न होतं. लग्नाआधी काढलेलं साडी गार्ड लग्नानंतर परत बसवलेलं मी पाहिलेलं नाही. ओढणी चाकात जाते, चेनमध्ये जाते आणि गळ्याभोवती आवळते. मग सगळे म्हणतात, तिनं नीट धरायला पाहिजे होती.

राज्याच्या वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मागे बसणाऱ्याच्याही हेल्मेटवर कडक कारवाईचा आदेश काढला आणि ई-चलानच्या यंत्रात चालक आणि सहप्रवासी असे दोन वेगळे मथळे केले. यंत्राला कळलं की गाडीवर दोन माणसं असतात. नियमाप्रमाणे नव्या गाडीबरोबर हेल्मेट द्यायचंच असतं, तरी शोरूममध्ये ‘ते राहू द्या, त्याचे पैसे कमी करा’ ही घासाघीस चालते. आणि २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने मसुदा काढला की प्रत्येक नव्या दुचाकीबरोबर दोन हेल्मेटं द्यावीत. मी परवा एका घरी ही बातमी सांगितली. घरधनी नवी गाडी घ्यायच्या बेतात होते. म्हणाले, ‘बरं झालं, एक मेव्हण्याला देऊ, त्याची नांदेडला ड्युटी आहे.’

मी म्हटलं, ‘अन् वहिनीला?’

‘तिला कशाला? ती कुठं गाडी चालवते?’